स्क्रॅप सगळ्यांचंच मोजायचं

शाहू महाराजांच्या गोष्टी कोल्हापुरातली पोरं पाठ्यपुस्तकाच्या आधी घरात ऐकतात. त्यातली फासेपारध्यांची गोष्ट माझ्या विशेष जवळची. संस्थानात कुठं चोरी झाली की पहिला संशय फासेपारध्यांवर जायचा. महाराजांनी त्यांना बोलावून घेतलं, त्यांच्या पोटापाण्याची चौकशी केली आणि तुरुंगात डांबण्याऐवजी सोनतळीच्या कॅम्पवर पहारेकरी म्हणून नेमलं. राहायला जागा दिली. ज्यांच्या भीतीनं लोक रात्री जागत होते, त्यांच्याच हाती महाराजांनी स्वतःच्या मुक्कामाची राखण सोपवली.

लहानपणी मला यातलं धाडस आवडायचं. आता त्याच काळातली दुसरी एक गोष्ट त्याहून मोठी वाटते, पण ती फारशी कुणी सांगत नाही. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. काही जमातींत जन्माला आलेलं मूल कायद्यानंच गुन्हेगार ठरायला लागलं. गावोगाव हजेरीची पद्धत होती. काही ठरावीक जातींच्या माणसांनी रोज जाऊन आपण गावात असल्याचं दाखवायचं. घरात मयत असो, पलीकडच्या गावात बहिणीचं लग्न असो, हजेरी चुकली की गुन्हा. शाहू महाराजांनी 1918 साली आपल्या संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड यांच्यावरची ही हजेरी बंद केली. देशभरातला तो जमातींचा कायदा जायला 31 ऑगस्ट 1952 उजाडावा लागला.

काम दिलं आणि हजेरी काढली, या दोन गोष्टी मला एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत. पहारेकऱ्याची नोकरी देऊन वर रोजची वेगळी हजेरी चालू ठेवली असती, तर त्या नोकरीला काय अर्थ उरला असता? तू आमच्यातला आहेस, असं एका हातानं सांगायचं आणि दुसऱ्या हातानं तू आमच्यातला नाहीस याची रोज नोंद करायची, असं झालं असतं. चुकलेल्या माणसाला पुन्हा उभं करायचं म्हणून आपण जे काही करतो, ते बहुतेक वेळा इथंच फसतं. हे मला महाराजांच्या चरित्रातून कळलं नाही. ते मामांच्या वर्कशॉपमध्ये कळलं.

मामांचं वर्कशॉप उद्यमनगरात आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिलिंग मशीन, आणि वर पोटमाळ्यावर एक टेबल. तिथं बसून मी शनिवारी पगाराचा हिशेब आणि जीएसटीची बिलं बघते. शिरोलीच्या फौंड्रीतून कास्टिंग येतं, इथं त्याचं मशिनिंग होतं, माल परत जातो. अशा दुकानात चोरण्यासारखं काय असणार, असं बाहेरच्याला वाटेल. पितळी बुश असतात, तांब्याची वायर असते, कार्बाइडचे इन्सर्ट, म्हणजे हत्याराला लावायच्या कापणाऱ्या टिकल्या असतात. सगळं खिशात मावणारं. त्याचे पैसे व्हायला वेळ लागत नाही.

आमच्याच पेठेतला एक पोरगा सतराव्या वर्षी दोघा मोठ्या पोरांच्या नादानं दुसऱ्या एका कारखान्यातून पितळेचं पोतं उचलताना सापडला. बाल न्याय मंडळापुढं केस चालली. काही काळ निरीक्षणगृहात काढून तो घरी आला, तोवर गल्लीनं त्याचा निकाल लावून टाकला होता. ज्या मंडळाच्या गणपतीसमोर तो लहानपणापासून ढोल वाजवत आला, त्या मंडळात वर्गणीचं पावतीपुस्तक त्याच्या हातात कुणी देईना. किराणा दुकानात तो शिरला की गल्ल्यावरचा माणूस उगाच उठून उभा राहायचा. एकदा त्याची आजी मामांकडं आली. चहा घेतला, उन्हाचं बोलली, पावसाचं बोलली आणि उठता उठता म्हणाली, "दादा, पोराला कुठंतरी चिकटवा. घरात बसून कुजाय लागलंय."

मामा म्हणाले, "मावशी, उद्या सकाळी आठला पाठवा. डबा घेऊन."

मामींना हे पटलं नव्हतं आणि त्यांचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. दुकानावर सात-आठ घरं चालतात. एखाद्या रात्री माल गेला तर फौंड्रीवाला ऐकून घेणार नाही, ऑर्डर जाईल, आणि मग त्या सात-आठ घरांना काय सांगायचं? माणसाला जवळ करण्याच्या गोष्टी आपण सांगतो तेव्हा अशा शंका काढणाऱ्याला कोत्या मनाचा ठरवतो. मामींचं मन कोतं नव्हतं. जोखीम कुणाच्या डोक्यावर येते ते त्यांना दिसत होतं, एवढंच.

मामांनी काय केलं, ते जरा बारकाईनं सांगते. पोरगा यायच्या आधीपर्यंत आमच्या दुकानात स्क्रॅप ढोबळ मानानं जायचं. भंगारवाला यायचा, पोती उचलायचा, जे काय होतील ते पैसे द्यायचा. पोरगा कामावर आला त्याच आठवड्यात मामांनी काटा आणला. शनिवारी पगाराच्या आधी प्रत्येक मशीनखालचं स्क्रॅप त्या त्या कारागिरानं स्वतः काट्यावर ठेवायचं. पितळ वेगळं, लोखंड वेगळं, बीड म्हणजे ओतीव लोखंड वेगळं. वजन मोठ्यानं वाचायचं आणि मी ते वहीत लिहायचं. इन्सर्टचाही नियम झाला. झिजलेला आणून दाखवल्याशिवाय नवा मिळणार नाही.

याचा सगळ्यात जास्त राग आला लेथ चालवणाऱ्या आमच्या एका जुन्या टर्नरना. मामांच्या वडिलांच्या काळापासूनचे ते. हात असा की जॉबवर, म्हणजे मशीनवर लावलेल्या नगावर, नख फिरवून साइज सांगतील. त्यांनी पहिल्या शनिवारी स्क्रॅप काट्यावर ठेवलंच नाही. "केस पिकले ह्या दुकानात. आता मी चोर झालो व्हय?" असं म्हणून पगार न घेताच निघून गेले. पोरगा ड्रिलिंग मशीनजवळ मान खाली घालून उभा होता. आपल्यामुळं हे झालं, हे त्याला कळत होतं.

मामा रात्री त्यांच्या घरी गेले. काय बोलणं झालं ते मला पुरतं माहीत नाही. सोमवारी टर्नर आले, आणि पुढच्या शनिवारी सगळ्यांत आधी त्यांनीच आपलं घमेलं काट्यावर ठेवलं. पुढं कधीतरी मी मामांना विचारलं, "हे तुम्ही त्या पोरासाठीच सुरू केलं होतं ना?"

"व्हय. तो आला म्हणूनच सुरू केलं," मामा म्हणाले. "पण एकट्या त्याचंच मोजलं असतं तर पहिल्याच शनिवारी पळाला असता. आणि मोजलंच नसतं, तर काय बी कमी पडलं की सगळ्यांनी त्याच्याकडंच बघितलं असतं. आता वही हाय. वही कुणाच्या तोंडाकडं बघत न्हाई."

शाहू महाराजांनी हजेरी का काढली असेल, ते मला तेव्हा उमगलं. देखरेख नको असं मामा कधीच म्हणाले नाहीत. डोळे झाकून विश्वास टाका म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, कारण बुडालं की तेच पहिल्यांदा 'सांगितलं होतं तुला' म्हणणाऱ्यांत सामील होतात. प्रश्न आहे तो एकट्या माणसावरच्या देखरेखीचा. सगळ्यांना असलेला नियम त्यालाही असला की तो सगळ्यांतला होतो. आणि त्या वहीचा फायदा त्या पोरालाच सगळ्यात जास्त झाला. एकदा पितळेचं वजन खरंच कमी भरलं होतं. वही उलटी चाळली तेव्हा दिसलं की बीड आणि पितळ एकाच पोत्यात गेलं होतं. वही नसती तर त्या दिवशी त्याचं काय झालं असतं, याचा विचार मी आजही करते.

काम मात्र त्याला खरं दिलं. झाडलोट करायला ठेवलेला माणूस, असं त्याचं कधी झालं नाही. आधी ड्रिलिंग, मग लेथवर फेसिंग, मग त्या जुन्या टर्नरच्या हाताखाली थ्रेडिंग. ज्यांना त्याच्यामुळं अपमान सोसावा लागला, त्यांनीच त्याला टूल घासायला शिकवलं. पुढं मामांनी शटरची किल्ली त्याच्याकडं दिली, कारण तो सगळ्यांत जवळ राहायचा आणि सकाळी लवकर यायचा. समारंभ काही नव्हता. "उद्यापासनं तू उघड," एवढंच.

त्यानंतर तो घसरला. गणपतीत जुनी पोरं भेटली, दारू झाली, विसर्जन होऊन गेलं तरी चार दिवस त्याचा पत्ता नाही. शटर उघडायला मामांना घरून दुसरी किल्ली घेऊन पळत यावं लागलं. तो आला तेव्हा डोळे सुजलेले, अंगावर तोच शर्ट. आता मामा त्याला हाकलतील किंवा पाठीवर हात ठेवून समजावतील, असं मला वाटलं होतं. मामांनी दोन्हीपैकी काही केलं नाही. किल्ली परत घेतली. चार दिवसांचा पगार कापला. आणि लेथवर अर्धा राहिलेला त्याचाच जॉब दाखवून म्हणाले, "हे संपीव आधी." विश्वास होता तेवढा उरला नव्हता, म्हणून किल्ली गेली. माणूस कामाचा होता, म्हणून काम राहिलं. आपण बहुतेक जण या दोन गोष्टींची गाठ मारून ठेवतो. किल्ली काढून घेतली की माणूसही काढून टाकतो, किंवा माणूस ठेवायचा म्हणून किल्लीही त्याच्याकडंच राहू देतो आणि मनातल्या मनात जळत बसतो.

खंडेनवमीला मशीनं धुवून पुसून, झेंडूचे हार घालून पूजा झाली. पेढे वाटून झाल्यावर मामांनी किल्ली त्याच्यापुढं धरली. त्यानं ती घेतली नाही. म्हणाला, "दिवाळी होऊ दे मालक. मग द्या." मामा हो म्हणाले.

कायद्याचं काय म्हणाल, तर आपला कायदा आपल्या गल्लीपेक्षा पुष्कळ मोठ्या मनाचा आहे. 2015 चा बाल न्याय कायदा सांगतो की अल्पवयात गुन्ह्यात सापडलेल्या मुलाला त्या निकालामुळं पुढं कोणतीही अपात्रता चिकटू नये आणि त्याच्या केसचे कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट करावेत. फार गंभीर गुन्ह्यांचा अपवाद आहे, तो वेगळा. 1958 च्या परिवीक्षा कायद्यानं न्यायाधीशाला मोठ्यांच्या बाबतीतही अधिकार दिला आहे. योग्य वाटलं तर तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येतं, आणि तसं सोडलेल्या माणसाला त्या शिक्षेची अपात्रता लागत नाही. शिक्षा भोगणाऱ्या कैद्यालाही संचित रजा (फर्लो) असते, अभिवचन रजा (पॅरोल) असते. त्यासाठी 1959 पासून नियम आहेत. घराशी दोर तुटू नये म्हणून सरकार कैद्याला काही दिवस घरी पाठवतं, तो परत येईल असं धरून चालतं. सरकारी कागद असे नष्ट होतात, पण चौकातल्या कट्ट्यावरची नोंद कोण नष्ट करणार?

कोल्हापूर म्हटलं की इथं कुणीतरी कुस्तीचं उदाहरण देतंच. आज चितपट झालेला पैलवान उद्या पहाटे पुन्हा लाल मातीत उतरतो, वस्ताद त्याला सोडत नाही, वगैरे. मला ते इथं लागू वाटत नाही. हरणं हा गुन्हा नाही. खासबागेच्या कुस्ती मैदानात हरलेल्या पोरानं कुणाचं काही हिरावून घेतलेलं नसतं. दहावीत नापास झालेल्या पोराचंही तेच. त्याच्यासाठी आता पुरवणी परीक्षा आहे, आणि नसती तरी त्यानं कुणाचा अपराध केलेला नव्हता. शाहू महाराजांनी राजवाड्यात आसरा दिलेल्या पोरांपैकी एक कुंभोजचा भाऊराव पाटील. बोर्डिंगातून बाहेर काढलेला, अभ्यासात मागे. त्यानं पुढं 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली आणि अख्ख्या महाराष्ट्राच्या पोरांना शाळा दिल्या. ही गोष्ट मला फार प्रिय आहे. पण ज्यानं दुसऱ्याचं नुकसान केलं, दुसऱ्याला दुखावलं, त्याचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे, कारण तिथं समोर आणखी एक माणूस उभा असतो.

आमच्या पोराच्या गोष्टीत तो माणूस म्हणजे ज्याचं पितळ गेलं तो कारखानदार. मामा पोराला घेऊन त्याच्याकडं गेले होते. माफी मागायला, आणि पगारातून थोडे थोडे फेडतो म्हणायला. त्यानं दारातूनच सांगितलं, "पैसे नकोत, माफी नको, ह्याला माझ्यासमोर आणू नका." मला तो माणूस तेव्हा निष्ठुर वाटला. परत येताना मामा पोराला म्हणाले, "त्यांचं बरोबर हाय. तुला माफ करायचं त्यांच्यावर बंधन न्हाई. तू त्या गल्लीनं जाऊ नको, बास." आजही तो त्या गल्लीनं जात नाही. वळसा घालून येतो.

हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण चुकलेल्याला सांभाळून घ्या असं आपण जेव्हा म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा ते एखाद्या बाईला सांगत असतो. नवरा पिऊन मारतो, तरी "एक डाव बघ, सुधारंल". सासरच्यांनी घराबाहेर काढलं, तरी "लेकरांकडं बघून जा परत". किती आत्याबाई, किती मावश्या मी हे सांगताना ऐकल्या आहेत, सगळ्या मायेनं सांगणाऱ्या. त्या पुरुषाला सुधारण्याची संधी द्यायला माझी काहीच हरकत नाही. त्याला व्यसनमुक्ती केंद्रात न्या, भावांनी त्याला आपल्या घरी ठेवून घ्यावं, मित्रांनी त्याला काम द्यावं. पण जिचं अंग काळंनिळं झालंय, तिच्या अंगावर प्रयोग करून त्याला संधी द्यायची नाही. ज्याला मार बसला नाही, त्यानं ती द्यावी. मामा त्या पोराला कामावर घेऊ शकले, कारण त्यांचं काही चोरीला गेलं नव्हतं.

आणि बाई चुकली तर? कळंबा कारागृहातल्या कैदी महिलांनी अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू वळले आहेत. देवळात रांगेत उभं राहून ते लाडू मी घेतले आहेत, कपाळाला लावून खाल्ले आहेत, माझ्यापुढच्या आणि मागच्या प्रत्येकानं तसेच खाल्ले आहेत. कुणी विचारलं नाही की हे कुणाच्या हातचे. त्याच हातांची बाई सुटून आली आणि आपल्या खानावळीत पोळ्या लाटायला उभी राहिली, तर आपण तिला ठेवून घेऊ का? पुरुष सुटून येतो तेव्हा बहुधा घरी कुणीतरी भाकरी थापून वाट बघत असतं. बाईच्या बाबतीत माहेर आणि सासर दोन्ही दारं बंद झालेली मी बघितली आहेत. तिला काम आणि राहायला जागा, दोन्ही एकदम लागतं, आणि कोल्हापुरात आज ते सहज मिळत नाही.

जागेची गोष्ट निघाली म्हणून सांगते. इथून फार लांब नाही, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. तेव्हा तो भाग औंध संस्थानात होता. 1939 साली राजे भवानराव पंतप्रतिनिधींच्या पाठिंब्यानं आणि मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनिअरच्या कल्पनेतून ती उभी राहिली. शिक्षा झालेले कैदी तिथं भिंतीशिवाय राहू लागले. हाती शेती, आणि बरोबर बायकापोरं. बायकापोरं सोबत आहेत ही त्यातली खरी युक्ती असं मला वाटतं. माणसाला जपण्यासारखं काही हाताशी असलं की तो पळून कुठं जाणार? काम, जागा, माणसं आणि वेळ, सगळं एकदम द्यायला संस्थान तयार झालं. आपण फक्त उपदेश देतो, आणि तो देऊन झाल्यावर सुधारला नाही म्हणून हात झटकतो.

आमच्या पोराकडं किल्ली दिवाळीनंतर परत आली, ती आजतागायत त्याच्याकडंच आहे. जुने टर्नर आता फक्त अर्धा दिवस येतात, त्यांचा लेथ तो चालवतो. सध्या दुकानात वेगळाच वाद सुरू आहे. त्याच्याबरोबर त्या चोरीत असलेल्या दोघांपैकी एक जण आता सुटून आला आहे आणि त्याची बायको मामांकडं येऊन गेली. मामींनी यावेळी विरोध केला नाही. विरोध केला तो आमच्या पोरानं. गेल्या शनिवारी काट्यावर वजन वाचता वाचताच म्हणाला, "मालक, त्याला लगेच लेथवर घेऊ नका. अजून पितोय तो. मी बघितलंय. आधी महिनाभर माझ्याबरोबर सकाळी आठला येऊ दे, पिऊन आला त्या दिवशी मीच परत पाठवीन. आणि त्याच्या बायकोच्या हातात पगार द्या, त्याच्या नको."

मामांनी पहिल्या दोन गोष्टी मान्य केल्या. पगाराचं मान्य केलं नाही. इथं कुणाचाच पगार दुसऱ्याच्या हातात देत नाही, म्हणाले, तर त्याचाही देणार नाही. बायकोला हवं असेल तर दोघांनी मिळून खातं काढावं. पोराला ते पटलेलं नाही. मलाही अजून ठरवता येत नाही कुणाचं बरोबर आहे ते. सोमवारपासून तो माणूस कामावर येतोय, वहीत मी त्याच्या नावाचं पान उघडलं आहे.